ही डिस्क कुणाची?

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी आमच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीची एकोणीस दिवसांची मेहनत मातीत घातली. मुद्दाम नाही, पण हात माझाच होता.

झालं असं. आमच्या सूक्ष्मदर्शकातून रात्रंदिवस चित्रं निघतात आणि ती एका डिस्क अ‍ॅरेवर साठतात. अ‍ॅरे म्हणजे बारा डिस्क बसवलेली एक पेटी. ती नेटवर्कनं एका सर्व्हरला जोडलेली होती. विश्लेषणासाठी आम्ही दुसरा, जास्त ताकदीचा सर्व्हर घेतला. चित्रं एकीकडून दुसरीकडे पाठवत बसण्यापेक्षा नवा सर्व्हरही थेट त्याच पेटीला जोडावा, असं मला वाटलं. पेटीच्या व्यवस्थापन पानावर 'एकाहून जास्त होस्टना परवानगी द्या' अशी चौकोनी खूण होती. ती केल्यावर एक इशारा आला. तो न वाचता मी 'ठीक आहे' दाबलं. नव्या सर्व्हरवर डिस्क दिसली. मी ती 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून उघडली. लिहायचंच नाही, तर बिघडणार काय?

संध्याकाळपर्यंत जुना सर्व्हर फाइलप्रणालीच्या चुका ओरडून सांगू लागला. दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला तेव्हा हजारो चित्रं आपली नावं आणि आपले फोल्डर हरवून नुसत्या आकड्यांच्या रूपात 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये येऊन पडली. काही अर्धीच होती. नमुने जिवंत पेशींचे, त्यामुळे ते दिवस पुन्हा आणता येणार नव्हते.

रात्री आईला फोन केला. तिनं सांगलीत एका सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच हातानं खतावण्या लिहिण्यात गेली. तिला मी जमेल तसं समजावलं. ती म्हणाली, "अगं, एकाच खतावणीत दोघं जण लिहीत होते आणि एकमेकांना माहीतच नव्हतं? मग शिल्लक जुळणार कशी?"

"पण आई, दुसरा फक्त वाचत होता."

"खात्री आहे तुझी?"

नव्हती. ती करून घ्यायला मी वाचू लागले आणि वाचता वाचता साठ-सत्तर वर्षं मागे गेले. या लेखात तोच प्रवास आहे. माझा विषय जीवशास्त्र आहे, संगणकाचा इतिहास नाही. पण एका पेटीतली डिस्क नेमकी कुणाची, हा प्रश्न इतक्या लोकांनी इतक्या वेळा सोडवलाय हे मला आधी माहीत असतं, तर तो इशारा मी वाचला असता.

एक यंत्र, एक डिस्क

मी राहते तिथून तासाभरावर, सॅन होझे शहरात, ९९ नोत्र दाम अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर आयबीएमनं १९५२ मध्ये एक छोटी प्रयोगशाळा उघडली. तिचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे मूळचे शाळामास्तर. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र त्यांनी बनवलं आणि त्यातून ते आयबीएममध्ये आले. त्यांच्या गटानं बनवलेली पहिली व्यापारी हार्ड डिस्क, आयबीएम ३५०, सप्टेंबर १९५६ मध्ये रॅमॅक ३०५ या संगणकाबरोबर जाहीर झाली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, मिनिटाला १,२०० फेरे, आणि क्षमता ५० लाख अक्षरं. ८० रकान्यांच्या भोकपट्टीच्या कार्डांत मोजायचं तर ६२,५०० कार्डं. सगळी यंत्रणा महिना ३,२०० डॉलर भाड्यानं मिळायची. मूळ यंत्रांपैकी एक दुरुस्त करून माउंटन व्ह्यूच्या संगणक इतिहास संग्रहालयात ठेवलं आहे. शेजारी उभं राहिलं की ते यंत्र जवळपास माणसाएवढं वाटतं.

रॅमॅकचं खरं काम वेगळंच होतं. तोवर हिशेब कार्डांच्या गठ्ठ्यांत किंवा चुंबकीय फितीवर असत. हवी ती नोंद गाठायला आधीच्या सगळ्या ओलांडाव्या लागत. रॅमॅकमध्ये एक हात वरखाली आणि आतबाहेर सरकून सेकंदाच्या आत कुठल्याही नोंदीवर पोचायचा. गठ्ठा जाऊन खतावणी आली, असं म्हणता येईल: हवं ते पान उघडा आणि तिथंच लिहा.

मालकीचा प्रश्न तेव्हा नव्हता. डिस्क त्या एका यंत्राला जोडलेली आणि त्याचीच.

प्रश्न १९६० च्या दशकात आला. १९६४ मध्ये आयबीएमनं सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यात डिस्क थेट संगणकाला न जोडता मध्ये 'चॅनल' आणि 'कंट्रोल युनिट' असे टप्पे होते. कंट्रोल युनिटला दोन चॅनलांकडे तोंड असलेला स्विच बसवला की दोन संगणक एकाच डिस्कपर्यंत पोचू शकत. आईनं मला विचारलेला प्रश्न त्यांच्यासमोर तेव्हाच उभा राहिला. त्यांचं उत्तर सरळ होतं: लिहिण्याआधी डिस्क 'राखून' घ्यायची, काम झालं की 'सोडायची'. राखलेली असेपर्यंत दुसऱ्या संगणकाला ती व्यस्त असल्याचं उत्तर मिळे. बँकेतही खतावणी एकाच्या टेबलावर असेल तर दुसऱ्यानं थांबायचं असा रिवाज होता, तसंच हे.

म्हणजे मोठ्या यंत्रांच्या जगात हे उत्तर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तयार होतं. लहान यंत्रांच्या जगाला मात्र ते पुन्हा नव्यानं शिकावं लागलं.

आठ जणांची केबल

लहान संगणकांसाठी डिस्क बनवणाऱ्या शुगार्ट असोसिएट्स या कंपनीनं १९७० च्या दशकाच्या शेवटी डिस्क जोडण्याची एक साधी पद्धत तयार केली. तिचं नाव सासी. तिच्यातून स्कझी निघाली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

स्कझीतली मोठी गोष्ट म्हणजे तिनं डिस्कला बोलतं केलं. आधी संगणकाला डिस्कची अंगरचना ठाऊक असावी लागे: किती तबकड्या, किती वर्तुळं, वर्तुळावर किती खण. स्कझीत संगणक फक्त म्हणतो, 'अमुक क्रमांकाचा ठोकळा दे'. तो कुठे आहे ते डिस्कनं बघायचं. एकदा संभाषण असं झालं की पलीकडे खरी डिस्क आहे की डिस्कचं सोंग घेतलेलं दुसरंच काही, याच्याशी संगणकाला कर्तव्य उरत नाही. पुढचा सगळा इतिहास याच एका सोयीवर उभा आहे.

मूळ स्कझीच्या एका केबलवर आठ जण बसू शकत, ० ते ७ क्रमांकांचे. संगणकाच्या कार्डाला बहुधा ७ क्रमांक मिळे, कारण तो सर्वांत वरच्या मानाचा. केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावावा लागे, नाहीतर विद्युत संदेश टोकावर आपटून परत येत आणि गोंधळ होई. साध्या जोडणीत केबलची लांबी जास्तीत जास्त ६ मीटर. प्रत्येक पत्त्याच्या आत आणखी उपपत्ते असू शकत. त्यांना लॉजिकल युनिट नंबर म्हणत, बोलताना नुसतं 'लन'. आजही कुठल्याही डेटा सेंटरमध्ये 'मला एक दोन टेराबाइटचा लन द्या' अशीच मागणी होते. चाळीस वर्षांत केबल गेली, टर्मिनेटर गेले, लन मात्र राहिला.

तीनशे तासांचा हिशेब

१९८८ मध्ये बर्कलेच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकातल्या स्वस्त डिस्क मोठ्या संख्येनं वापरल्या तर? त्यांनी आयबीएमची ३३८० ही १४ इंची, ७,५०० मेगाबाइटची डिस्क एका बाजूला ठेवली आणि कॉनर कंपनीची साडेतीन इंची, १०० मेगाबाइटची डिस्क दुसऱ्या बाजूला. पैशात आणि विजेत लहान डिस्क परवडत होत्या. अडचण भरवशाची होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून जास्त, टिकते असं धरलं, तर १०० डिस्कांपैकी कुठली तरी एक ३०० तासांत जाणार. ३०० तास म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत.

त्यावरचा उपाय म्हणजे जास्तीची माहिती साठवणं. एकतर प्रत्येक डिस्कची जोडप्रत ठेवायची, किंवा काही डिस्कांवरच्या माहितीची 'बेरीज' आणखी एकीवर ठेवायची. एक डिस्क गेली तर उरलेल्या आणि बेरीज यांवरून गेलेली परत काढता येते. आईला हे एका वाक्यात कळलं, कारण आडव्या-उभ्या बेरजेवरून पुसट झालेला आकडा शोधणं हे तिचं रोजचं काम होतं. या रचनांना रेड हे नाव पडलं. त्यातलं 'स्वस्त' हे विशेषण पुढे बदलून लोक 'स्वतंत्र' म्हणू लागले. विकणाऱ्यांना स्वस्त हा शब्द फारसा आवडला नसणार.

१९९० मध्ये ईएमसी कंपनीनं सिमेट्रिक्स ही पेटी बाजारात आणली. तिचे मुख्य रचनाकार होते इस्रायली अभियंते मोशे यानाई. आत लहान डिस्कांची फौज, पुढे भरपूर वेगवान स्मृती, आणि बाहेरून पाहणाऱ्या आयबीएमच्या संगणकाला मात्र वाटे की आपलीच ओळखीची मोठी डिस्क जोडली आहे. पहिल्या सिमेट्रिक्सची क्षमता २४ गिगाबाइट होती. साठवण हा संगणकाचा अवयव न राहता स्वतंत्र यंत्र झाली. आणि स्वतंत्र यंत्र विकत घेतलं की ते एकट्या संगणकाला देणं कुणालाच परवडत नाही.

सगळ्यांना सगळं दिसतं तेव्हा

स्कझीची केबल ६ मीटरची आणि आठ जणांची. दहा-वीस सर्व्हरना एकच पेटी वाटून द्यायची तर वेगळा रस्ता हवा होता. तो फायबर चॅनलनं दिला. १९९४ मध्ये तिचं मानक मंजूर झालं. केबल काचतंतूची किंवा तांब्याचीही चाले. योग्य तंतू असेल तर अंतर १० किलोमीटरपर्यंत जाई. आणि त्या रस्त्यावरून धावणारी भाषा जुनीच होती, स्कझीची. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ब्रोकेडसारख्या कंपन्यांनी यासाठी स्विच बनवले. ब्रोकेडच्या संस्थापकांत कुमार मलवल्ली हे मूळचे कर्नाटकातले अभियंते होते.

आता पेच बघा. स्कझीच्या केबलवर बहुधा एकच संगणक असे. म्हणून प्रत्येक कार्यप्रणालीची समजूत होती की जी डिस्क मला दिसते ती माझी. जाळं मोठं झालं, समजूत बदलली नाही. विंडोज एनटी नव्या दिसणाऱ्या डिस्कवर आपली सही उमटवण्याची तयारी करत असे. प्रशासकानं 'हो' म्हटलं की ती सही शेजारच्या युनिक्स सर्व्हरच्या डिस्कवर जाऊन बसे. दुष्टपणा कुणाचाच नसे. घरात शिरलेला पाहुणा दिसेल त्या कपाटाला आपलं कुलूप लावतो, तसा प्रकार.

म्हणून दोन पहारे उभे राहिले. फायबर चॅनलमधल्या प्रत्येक कार्डाला आणि दाराला ६४ बिटांचं, जगात वेगळं असं नाव असतं. पहिला पहारा स्विचवर, त्याला झोनिंग म्हणतात: या नावाचा सर्व्हर पेटीच्या फक्त या दाराशी बोलू शकेल. दुसरा पहारा पेटीवर, त्याला लन मास्किंग म्हणतात: या नावाचा सर्व्हर आला तर त्याला फक्त हे लन दाखव, बाकीचे अस्तित्वातच नाहीत असं सांग. एक रस्त्यावरचा फाटक, दुसरा घराचा दरवाजा. दोन्ही लागतात, कारण माणूस एका ठिकाणी तरी चुकतोच.

यातून उलटी अडचणही आली. भरवशासाठी सर्व्हरला दोन कार्डं आणि पेटीला दोन नियंत्रक दिले की एकाच लनकडे जाणारे चार रस्ते तयार होतात आणि भोळ्या कार्यप्रणालीला चार वेगवेगळ्या डिस्क दिसतात. त्या चौघी एकच आहेत हे लनच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावरून ताडायचं, त्यांना एका नावाखाली बांधायचं, आणि एक रस्ता तुटला की काम गुपचूप दुसऱ्यावर वळवायचं, याला मल्टिपाथिंग म्हणतात. या कामात व्हेरिटास कंपनीचं व्हॉल्यूम मॅनेजर हे सॉफ्टवेअर गाजलं, आणि व्हेरिटासचं मोठं विकास केंद्र पुण्यात होतं. पुण्याच्या ज्या पिढीनं तिथं डिस्क, फाइलप्रणाली आणि बॅकअप शिकून घेतले, तिच्यातून पुढे नव्या कंपन्या निघाल्या. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ड्रुवाचे संस्थापक, त्यांत मिलिंद बोराटे, व्हेरिटासमधूनच बाहेर पडलेले. अमेरिकेतल्या मराठी मंडळांत 'मी स्टोरेजमध्ये आहे' म्हणणारी माणसं इतकी का भेटतात, याचं एक उत्तर इथं आहे.

स्वस्त रस्ता

फायबर चॅनल महाग होतं. त्याचे स्विच वेगळे, कार्डं वेगळी, जाणकारही वेगळे. नेहमीच्या इथरनेटवरूनच स्कझी पाठवता येईल का, यावर आयबीएमच्या हैफा इथल्या प्रयोगशाळेत जूलियन सात्रान आणि सहकाऱ्यांनी काम केलं. त्यातून झालेल्या आयस्कझीचं मानक, आरएफसी ३७२०, एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या लेखकांत मल्लिकार्जुन चडलपाका हे भारतीय नावही आहे. आता साध्या नेटवर्क केबलनं, साध्या स्विचमधून, कुणीही सर्व्हरला दूरची डिस्क जोडू शकत होतं.

कुणीही, म्हणजे माझ्यासारखी जीवशास्त्रज्ञसुद्धा. फायबर चॅनलच्या काळात झोनिंग करणारा अनुभवी माणूस दारात उभा असे. आयस्कझीत तेच पहारे आहेत: प्रत्येक होस्टचं नाव, त्या नावाला दिलेले लन, गुप्तशब्दाची तपासणी. पण ते लावायचे की नाही हे एका चौकोनातल्या खुणेवर येऊन ठेपलं. ती खूण मीच केली होती.

फक्त वाचलं, तरी लिहिलं गेलं

आता आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आजच्या फाइलप्रणाली बदल थेट खतावणीत करत नाहीत. आधी रोजकीर्दीत नोंद करतात आणि मग सवडीनं खतावतात. वीज गेली तर उठल्यावर रोजकीर्द वाचून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करता येतात. आमच्या सर्व्हरवरच्या एक्स्टफोर प्रणालीत 'फक्त वाचण्यासाठी' उघडताना रोजकीर्द अपुरी दिसली, तर ती आधी पुरी केली जाते, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं. ते टाळायचं असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. जुना सर्व्हर जिवंत होता, काम करत होता, म्हणून रोजकीर्द अपुरी दिसणारच होती. नव्या सर्व्हरला वाटलं, मालक गेला. त्यानं प्रामाणिकपणे जुन्या नोंदी खतावल्या. तोवर मालकानं त्याच पानांवर पुढचं लिहिलं होतं. त्यावर शिळं लिहिलं गेलं.

रेडनं मला वाचवलं नाही. रेड डिस्क मेली तर उपयोगी पडतं. चुकीची आज्ञा दिली तर तो ती सगळ्या डिस्कांवर इमानेइतबारे पाळतो. वाचवलं ते दुसऱ्या यंत्रावरच्या जुन्या प्रतीनं, आणि ती प्रत एकोणीस दिवसांपूर्वीची होती.

खरं म्हणजे मला हवा होता तो रस्ता वेगळाच होता आणि तो १९८४ पासून उपलब्ध होता. सन मायक्रोसिस्टिम्सनं त्या वर्षी एनएफएस आणलं. त्यात डिस्क वाटायची नाही, फाइल वाटायची. खतावणी एकाच सर्व्हरच्या ताब्यात राहते. बाकीचे त्याच्याकडे मागणी करतात आणि तो सांभाळून देतो-घेतो. बँकेच्या खिडकीसारखं. ठोकळे वाटायचे असतील तर प्रत्येक लन एकाच होस्टला द्यावा, किंवा अनेक होस्टनी एकत्र लिहिण्यासाठीच बनवलेली, आपसात कुलूप-किल्ल्या सांभाळणारी क्लस्टर फाइलप्रणाली वापरावी. मधला मार्ग नाही.

आता आमच्या पेटीवर प्रत्येक लनला एकाच होस्टचं नाव आहे आणि त्या लनच्या वर्णनात तो का दिला, कधी दिला, हे लिहिलेलं आहे. विश्लेषणाचा सर्व्हर एनएफएसनं चित्रं मागतो. थोडं हळू चालतं. प्रत दर रात्री दुसऱ्या इमारतीत जाते, आणि महिन्यातून एकदा मी त्यातला एक फोल्डर परत आणून उघडून बघते.

त्या विद्यार्थिनीनं प्रयोग पुन्हा केला, त्यात तिचे दोन महिने गेले. मी तिच्यासोबत रात्रपाळ्या केल्या, ते तरी करणं भाग होतं. तिच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझं नाव आहे. ते वाचताना मला बरं वाटत नाही, पण ते तिनं लिहिलंय, आणि तिची खतावणी तिची आहे.

आईला सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे शेवटी काय, कुणाच्या टेबलावर वही आहे ते आधी विचारायचं, इतकंच ना?"

इतकंच.